कचेरीचीही सुगी असते

सरकारी भरतीची जाहिरात हाती आली की माणूस आधी पदांची संख्या बघतो, मग शेवटची तारीख, मग फी. वयोमर्यादेचा तक्ता खालपर्यंत सहसा कोणी वाचत नाही. एकदा वाचून बघा. खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त अशा ओळी संपत आल्या की एक निराळीच ओळ भेटते. सन १९९१ चे जनगणना कर्मचारी व सन १९९४ नंतरचे निवडणूक कर्मचारी, कमाल वय ४५. तिच्या आसपास आणखी एक असते. अंशकालीन पदवीधर, कमाल वय ५५.

ही त्या काळची तात्पुरती कारकून मंडळी. जनगणनेचे कागद लावायला, आकडे उतरवायला त्यांना घेतलं होतं आणि काम संपताच घरी पाठवलं. अंशकालीनांची गोष्ट थोडी वेगळी. सुशिक्षित बेरोजगारांना मदत म्हणून सरकारनं पदवीधरांना सरकारी कचेऱ्यांत रोज काही तास बसवलं, तुटपुंज्या मानधनावर तीन वर्षं काम करून घेतलं आणि मुदत सरल्यावर मोकळं केलं. पुढं निवेदनं झाली, आंदोलनं झाली आणि त्यांना सरळसेवा भरतीत १० टक्के समांतर आरक्षण मिळालं. जनगणनेच्या ओळीची गंमत अशी, की १९९१ साली अठरा वर्षांचा असलेला पोरगा २०१८ सालीच पंचेचाळीसचा झाला. म्हणजे जनगणनेवाल्यांपैकी आज कोणालाही त्या सवलतीचा उपयोग नाही. तरी अलीकडच्या जाहिरातींतही ती ओळ निष्ठेनं छापली जाते.

ज्या काळात या सवलतींचा उपयोग होता, तेव्हा तो कोणाला झाला? ज्याच्याजवळ कागद होता त्याला. अंशकालीनाला तहसीलदाराचं प्रमाणपत्र आणि रोजगार केंद्रातली नोंद दाखवावी लागते. तीन वर्षं टेबलाशी बसून ज्यानं प्रमाणपत्र घेतलं नाही, तो सरकारच्या लेखी कधी टेबलाशी बसलाच नव्हता.

ही गोष्ट मला जरा जास्त लागते. बी.कॉम. झाल्यावर मी एका कचेरीत तीन महिने आवक-जावक सांभाळली होती. नेमणुकीचा आदेश नाही, महिनाअखेर व्हाउचरवर सही करून पैसे घ्यायचे. काम मिळालं याचाच आनंद इतका, की कागद मागायचं सुचलंच नाही.

आमच्याकडं एक म्हण आहे : बनी तो बनी, नहीं तो परभणी. जमलं तर जमलं, नाही तर आपली परभणी आहेच. तिचा अर्थ जो तो आपल्या सोयीनं लावतो; मी ती पुण्याहून परत आलेल्या पोरांच्या तोंडून ऐकत आलोय. चाकणला किंवा हिंजवडीला वर्षभर काढायचं, खोलीभाडं आणि मेसमध्ये पगार जिरला की रेल्वेनं नाही तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गावी यायचं. आल्यावर पहिला प्रश्न हाच, की इथं बसून करता येईल असं काही काम आहे का? आहे. पूर्वीपेक्षा जास्तच आहे. जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, खासगी दवाखाने वाढले, गोल्ड लोन आणि बचत गटांना कर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या शाखा गंगाखेड, सेलू, जिंतूरपर्यंत पोचल्या, गाड्यांच्या शोरूमा झाल्या. पण वाढ झाली ती शाखांची, आणि शाखेला कायमचा कारकून नको असतो. तिला मार्चपुरता, कॅम्पपुरता, कोणी बाळंतपणाच्या रजेवर गेलं तर तेवढ्यापुरता माणूस हवा असतो. सरकारी कचेऱ्यांचंही तेच. पदं रिक्त, काम दुप्पट, म्हणून मधे एजन्सीचा डेटा एंट्री ऑपरेटर.

असा माणूस हवा असल्याची खबर मात्र सहसा कुठं लागत नाही, आणि याचं एक कारण कायद्यातच होतं. १९४५ साली, महायुद्धातून सुटलेल्या सैनिकांना कामं लावून देण्यासाठी देशात रोजगार केंद्रं सुरू झाली. १९५९ च्या कायद्यानं सरकारी कचेऱ्यांना आणि पंचवीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांना रिकाम्या जागा या केंद्रांना कळवणं बंधनकारक केलं. पण त्याच कायद्यानं काही कामं वगळली. शेती वगळली, घरकाम वगळलं, एकूण मुदत तीन महिन्यांपेक्षा कमी असलेलं कुठलंही काम वगळलं, आणि दफ्तरी, शिपाई, जमादार यांच्यासारखं 'अकुशल कार्यालयीन काम'ही वगळलं. थोडक्यात, ज्या कामानं माणूस पहिल्यांदा कचेरीचा उंबरा ओलांडतो, तेच कायद्यानं नोंदीबाहेर ठेवलं. आमच्या पिढीनं सेवायोजन कार्यालयाचं कार्ड वर्षानुवर्षं नूतनीकरण करून जपलं आणि बोलावणं आलंच नाही, त्यामागं हेही एक होतं. दुसरं म्हणजे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की केवळ सेवायोजनाच्या यादीवर विसंबू नका, जागांची जाहिरातही द्या. तेव्हापासून कार्डाचा दबदबा गेला. आज जिल्ह्याच्या ठिकाणी त्याच कचेरीचं नाव जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असं लांबलचक आहे आणि नोंदणी महास्वयंच्या संकेतस्थळावर होते. ती करून ठेवावी. पण ती करून घरी बसू नये.

योगायोग असा, की आपल्याकडं रोजगार केंद्रं निघाली त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९४६ मध्ये, अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात विल्यम रसेल केली नावाच्या माणसानं तात्पुरते कारकून पुरवण्याचा धंदा उघडला. आधी तो इतरांचं टंकलेखन आणि हिशेब आपल्याच कचेरीत करून द्यायचा. पुढं टंकलेखिकाच गिऱ्हाइकाच्या कचेरीत पाठवू लागला. कचेरीत एक जण काम करतो आणि त्याचा मालक मात्र दुसरीकडेच कुठं तरी असतो, ही तऱ्हा तिथून जगभर गेली. आपल्याकडं ती निविदेच्या रूपानं आली. त्या हिशेबाकडं पुढं येतोच.

आधी काम निघतं कधी ते बघू. परभणीतल्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. शेतात सुगी असते तशी ती कचेरीतही असते, आणि बऱ्याचदा शेतातल्या सुगीमागोमागच येते.

दहावी-बारावीचे निकाल लागले की तहसीलसमोरच्या सेतू केंद्रांवर आणि ऑनलाइनच्या दुकानांत झुंबड उडते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, जात, नॉन क्रिमिलेयर, आणि मागोमाग प्रवेशाचे अर्ज. मे ते जुलै या तीन महिन्यांत ज्या दुकानात एरवी एक संगणक पुरतो तिथं तीन लागतात. या कामाची जाहिरात निघत नाही. झेरॉक्सच्या काउंटरवर हातानं लिहिलेला कागद चिकटवलेला असतो : टायपिंग येणारा मुलगा किंवा मुलगी पाहिजे. पैसे कधी महिन्यावर ठरतात, कधी अर्जावर.

पेरण्या झाल्या की पीकविमा. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा सुरू झाला तेव्हा सीएससी केंद्रांना अर्जामागे ४० रुपये विमा कंपनीकडून मिळायचे. शेतकऱ्यानं एक रुपयाच द्यायचा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सर्व्हर चालायचा तो रात्री, त्यामुळं पोरं रात्रपाळी करायची. २०२५ च्या खरिपापासून तो एक रुपया गेला. दरम्यान २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज निघाले, त्यात पात्र अर्जामागे ५० रुपये भत्ता ठरला होता. मग शेतकरी ओळख क्रमांक, मग केवायसी. योजना येतात आणि जातात; पण प्रत्येक योजना पोर्टल घेऊन येते आणि पोर्टलला बोटं लागतात. मला तर वाटतं, गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या गावात कारकुनी कामाचा सगळ्यात मोठा उत्पादक ओटीपी हाच असावा.

जुलै ते ऑक्टोबर सीए आणि कर सल्लागारांची सुगी. रिटर्न, ऑडिट, आणि जीएसटीची महिन्याच्या ११ आणि २० तारखेची धावपळ तर बारमाही. इथं टॅलीमध्ये बिलं चढवणारा माणूस लागतो. पगार फार नसतो, पण शिकायला इतकं दुसरीकडं मिळत नाही. चार महिने पन्नास व्यापाऱ्यांचे हिशेब ज्यानं चढवले त्याला पुढं मोंढ्यात कोणत्याही आडतीवर विचारतात. तात्पुरत्या कामांत निवड करायची वेळ आली तर मी पोरांना आधी हेच सुचवतो.

दसरा-दिवाळीनंतर खरी गर्दी. मानवत, सेलू, जिंतूर, परभणी हा कापसाचा मुलूख. जिनिंग सुरू झाली की काट्यावर वजन लिहिणारा, पावती करणारा, गाड्यांचा हिशेब ठेवणारा लागतो. सीसीआयची हमीभावानं खरेदी सुरू झाली की बाजार समितीतही संगणकावर माणूस बसतो. २०२५ पासून कपास किसान ॲपवर नोंदणी सक्तीची झाल्यानं हे काम वाढलं. सोयाबीनच्या खरेदी केंद्रांवर नोंदणी, एसएमएस, बारदान्याचा हिशेब. गोदाकाठच्या गंगाखेड, पाथरी, सोनपेठ भागात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम. तिथलं शेतकी खातं म्हणजे निम्मी कचेरी रानात : उसाची नोंद, तोडणीचा प्रोग्रॅम, फडावर जाऊन चिठ्ठी फाडणारा स्लिप बॉय, काट्यावरचा क्लार्क, केनयार्डात गाड्यांचे नंबर लावणारा. पट्टा पडला की यातली बरीच माणसं घरी. पण साखर कारखान्यात एक जुनी चांगली रीत आहे. हंगामी कामगार असा रीतसर वर्गच तिथं मानला जातो. त्याला पुढच्या हंगामात परत बोलावतात आणि मधल्या रिकाम्या काळासाठी काही भत्ताही देतात. एजन्सीच्या ऑपरेटरला हे भाग्य नाही. संगणक चालवणाऱ्यापेक्षा उसाच्या चिठ्ठ्या फाडणाऱ्याचा दर्जा कागदावर अधिक पक्का, ही गोष्ट आमच्या शहरी पाहुण्यांना पटत नाही.

मार्चएंड सगळ्यांना ठाऊक आहे. निवडणुका आल्या की मतदार याद्यांची कामं, तीही ठाऊक. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं मात्र वेगळं आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात ज्वारी, कापूस, सोयाबीन, कोरडवाहू शेती यांचे संशोधन प्रकल्प चालतात, आणि प्रकल्पाला मुदत असते. यंग प्रोफेशनल, संशोधन सहायक, प्रकल्पाच्या कचेरीतला संगणक सहायक, अशा जागा थेट मुलाखतीनं भरल्या जातात. सूचना विद्यापीठाच्या संकेतस्थळावर लागते, मुलाखतीला पंधरा-वीस दिवस असतात, आणि 'निव्वळ तात्पुरत्या स्वरूपात' हे शब्द त्यात दोनदा तरी येतात. शेतीतली पदवी असलेल्यांना हे माहीत असतं, बी.कॉम., बी.सी.ए.वाल्या पोरांना आपल्यासाठीही तिथं काही असू शकतं हे बहुधा माहीतच नसतं. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावरचा भरतीचा रकाना, जिल्हा परिषदेचा फलक, विद्यापीठ, न्यायालय. आठवड्यातून एकदा एवढा फेरा मारणाऱ्याला दलालाची गरज पडत नाही.

आता मालक कोण, हा प्रश्न. तहसीलमध्ये संगणकावर बसलेला मुलगा तहसीलचा नसतो. तो निविदा जिंकलेल्या एजन्सीचा असतो. समजा त्याचा पगार १५,००० ठरला. भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के म्हणजे १,८०० कापले. ईएसआय लागू असेल तर पाऊण टक्का म्हणजे ११३ रुपये. व्यवसाय कर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. बाईमाणसाला महिना २५,००० पर्यंत हा कर नाही. हातात आले १२,८८७, बाईच्या हातात १३,०८७. आता दुसरी बाजू बघा. मालकानं वरून निधी, विमा आणि प्रशासन खर्च मिळून १३ टक्के म्हणजे १,९५० भरायचे, ईएसआयचे सव्वातीन टक्के म्हणजे ४८८. असे १७,४३८ झाले. त्यावर एजन्सीचं सेवाशुल्क, आणि बहुतेक ठिकाणी बिलावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे कचेरी वीस-एकवीस हजार मोजते आणि पोराला तेराच्या आत-बाहेर मिळतात. यात सगळंच कोणी खाल्लं असं नाही. निधीचे पैसे त्याच्याच खात्यात असतात. असतात की नाही, हे मात्र त्यानंच बघायचं. काही ठिकाणी मालकाचा वाटाही पोराच्याच पगारातून कापतात. पगारपत्रक हातात घेतलं नाही तर ते कळत नाही.

ग्रामपंचायतीतल्या संगणक परिचालकांनी हा हिशेब जाहीरपणे मांडला होता. २०११ च्या संग्राम प्रकल्पात ते आले, २०१६ पासून आपले सरकार सेवा केंद्रांत गेले. ग्रामपंचायतीनं केंद्रामागे महिन्याला १२,३३१ रुपये भरायचे आणि परिचालकाच्या हाती ६,००० पडायचे. बाकीचे पैसे स्टेशनरी, सॉफ्टवेअर, कर असे कुठं कुठं जातात हे कागदावर होतं. पण गावात बसून जन्माचे दाखले काढणाऱ्याला दिसायचा तो फक्त मधला फरक. बरीच आंदोलनं झाल्यावर मानधन १०,००० पर्यंत गेलं.

२०२३ च्या सप्टेंबरात राज्य सरकारनं बाह्ययंत्रणेमार्फत मनुष्यबळ घेण्यासाठी नऊ एजन्सींचं पॅनेल नेमणारा निर्णय काढला. त्यावर रान उठलं आणि ऑक्टोबरात तो मागे घेतला गेला. निर्णय गेला, कामं राहिली. ती आजही एजन्सींमार्फतच होतात, फक्त निविदा सुट्या सुट्या निघतात.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना ही या सगळ्यातली नवी वाट. २०२४ च्या जुलैत ती आली. वय १८ ते ३५, बारावीला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,०००, पदवीला १०,०००; मुदत आधी सहा महिने, पुढं आणखी पाच वाढवून दिले. ग्रामपंचायत, शाळा, तालुक्याच्या कचेऱ्या, सगळीकडं प्रशिक्षणार्थी दिसू लागले. नावात प्रशिक्षण आहे, नोकरी नाही, हे आदेशात स्वच्छ लिहिलेलं होतं. तरी मुदत संपताना कायम करा म्हणून मोर्चे निघाले, आणि त्यात मला पोरांचा दोष दिसत नाही. अकरा महिने कचेरीचं खरंखुरं काम करणाऱ्याला आपण शिकाऊ आहोत हे लक्षात कसं राहावं? मराठीत उमेदवार हा शब्दच मुळी या दुखण्यातून आलाय. फारसीत उमेद म्हणजे आशा. जुन्या कचेऱ्यांत पुढंमागं जागा मिळेल या आशेवर फुकट राबणारा तो उमेदवार. आपण उमेदवारी करणे म्हणतो ते शिकाऊपणालाही आणि निवडणुकीला उभं राहण्यालाही.

अकरा महिन्यांचं हे प्रकरण काय आहे तेही सांगतो. कायद्यानं बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की सेवा सलग धरली जाते आणि मग कामगाराला सहज काढता येत नाही, नोटीस आणि भरपाई द्यावी लागते. म्हणून खासगीत सात-साडेसात महिन्यांवर माणूस बदलण्याची चाल. सरकारीत करार ११ महिन्यांचा, किंवा ११ महिने २९ दिवसांचा, आणि मधे एका-दोन दिवसांचा तांत्रिक खंड, म्हणजे वर्ष कधी पुरं होतच नाही. सर्वोच्च न्यायालयानं १० एप्रिल २००६ च्या उमादेवी खटल्यात बजावलं, की मागच्या दारानं घेतलेल्यांना कायम होण्याचा हक्क नाही. मंजूर पदांवर दहा वर्षं काढलेल्यांसाठी तेवढी एकदाची सूट ठेवली. त्यानंतर कचेऱ्यांनी हा निकाल ढालीसारखा वापरला. २०१६ मध्ये जगजीत सिंग खटल्यात न्यायालय म्हणालं, की काम तेच असेल तर तात्पुरत्यालाही त्या पदाच्या वेतनश्रेणीतला किमान पगार द्या. आणि २० डिसेंबर २०२४ ला जग्गो खटल्यात, केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षं झाडलोट आणि बागकाम केलेल्यांना कायम करा असं सांगताना, उमादेवीचा असा गैरवापर करू नका हेही सुनावलं. वारा थोडा फिरलाय. पण एजन्सीमार्फत आलेल्याला ही वाट अजून बिकटच, कारण कागदोपत्री कचेरी त्याची मालकच नसते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात ठरावीक मुदतीच्या नोकराला कायम नोकराइतकेच तास आणि तेवढाच पगार, आणि पाचऐवजी एका वर्षावर ग्रॅच्युइटी, अशी तरतूद आहे. मेख अशी, की करार थेट मालकाशी आणि लेखी हवा. तोंडी ठरवून कामाला बसलेल्याला यातलं काही मिळत नाही.

कामासाठी लागतं काय? एमएस-सीआयटी आता सगळ्यांकडंच असतं, त्यामुळं त्यानं दार उघडत नाही, फक्त बंद होत नाही. टंकलेखनाचं मात्र तसं नाही. राज्य परीक्षा परिषदेची मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांची परीक्षा लिपिकाच्या कायम जागेलाही लागते आणि तात्पुरत्यालाही उपयोगी पडते. मराठी टंकलेखन येणारी पोरं कमी होत चाललीत; मोबाइलवर बोलून लिहायची सवय लागलीय. त्यामुळं ज्याला युनिकोडमध्ये झरझर टाइप करता येतं आणि कृतीदेवमधली जुनी फाइल उघडल्यावर जो घाबरत नाही, त्याला कचेरीत दोन दिवसांत नावानं हाक मारू लागतात. त्याहून दुर्मीळ म्हणजे गोषवारा करता येणं. नऊ तालुक्यांची प्रपत्रं येतात, प्रत्येकाचा रकाना वेगळा, एकाची बेरीज चुकलेली. ती एक्सेलमध्ये एकत्र करून, चुकलेल्या तालुक्याला फोन लावून, पाच वाजायच्या आत साहेबांपुढं ठेवणारा पोरगा मिळाला तर अव्वल कारकून त्याच्यासाठी एजन्सीशी भांडतो. आता लिपिकाचा महसूल सहायक झाला आणि तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी, पण प्रपत्रं तीच आहेत.

फसवणुकीबद्दल थोडंच सांगतो. घरबसल्या डेटा एंट्री म्हणून येणाऱ्या बहुतेक जाहिराती सापळे असतात, आणि त्यांची एक ठरावीक तऱ्हा आहे. आधी पैसे मागत नाहीत. ऑनलाइन करारावर सही घेतात, आठवडाभर पानं टाइप करून घेतात, मग तुमची अचूकता ९० टक्क्यांच्या खाली आली म्हणून वकिलाच्या नावानं करारभंगाची नोटीस येते आणि पाच-सहा हजार भरा नाही तर कोर्टात चला म्हणतात. पोरं घाबरून, घरी न सांगता भरतात. भरू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. गावातली एजन्सी अनामत मागत असेल किंवा मूळ सनदा जमा करा म्हणत असेल, तर तिथून उठून यावं.

पुढची मोठी सुगी दिसतेय ती जनगणनेची. २०२७ ची जनगणना मोबाइलवर होणार आहे. १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख. केंद्रानं डिसेंबर २०२५ मध्ये खर्च मंजूर करताना सांगितलं, की देशभर स्थानिक पातळीवर सुमारे १८,६०० तांत्रिक माणसं जवळपास ५५० दिवसांसाठी घेतली जातील. देशात पावणेआठशेच्या वर जिल्हे आहेत. म्हणजे सरासरीनं जिल्ह्याला वीस-पंचवीस. परभणीच्या मानानं आकडा लहान, पण तात्पुरत्या कामात दीड वर्ष ही चैन आहे.

ज्यांना ते मिळेल, किंवा दुसरं काहीही मिळेल, त्यांनी पहिल्या दिवशी आदेशाची प्रत घ्यावी आणि शेवटच्या दिवशी कार्यमुक्तीची. निविदा बदलली, एजन्सी बदलली तरी भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक तोच राहतो. नवी एजन्सी नवा काढू म्हणाली तर जुना पुढं करावा. पासबुक उमंग ॲपवर दिसतं. एजन्सीनं नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही तर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती स्वतःला भरता येते. पगार बँकेतच घ्यावा, कारण व्हाउचरची कार्बन प्रत कोणी देत नाही.

हे मी अनुभवानं सांगतोय. बरीच वर्षं गेल्यावर एका अर्जासाठी मला त्या तीन महिन्यांचा दाखला हवा होता, म्हणून त्या जुन्या कचेरीत गेलो. अभिलेखपालानं आस्थेनं चौकशी केली, चहा पाजला. कचेरीतल्या कागदांचे वर्ग असतात. अ वर्ग कायम ठेवायचा, ड वर्ग वर्षभरानं नष्ट करायचा. व्हाउचरवरच्या माणसांचा हजेरीपट कुठल्या तरी खालच्या वर्गात होता आणि केव्हाच फाडला गेला होता. माझं नाव कुठंच नव्हतं. उठता उठता त्यानं मागच्या कपाटातून एक जाडजूड बांधणीचं जावक रजिस्टर काढलं आणि धूळ झटकून उघडलं. सलग तीन महिने, ओळीनं, सगळं माझ्याच अक्षरात होतं.